द्रौपदीकाकी साकीनाक्याला जातात

घाटकोपरच्या भटवाडीत द्रौपदी राऊळ कुठे राहतात असं विचारलं, तर लोक डोकं खाजवतील. 'वाइंडिंगवाल्या काकी' म्हटलं की मात्र कुणीही हातातलं काम टाकून दारापर्यंत आणून सोडेल. पस्तीसएक वर्षं काकींनी जळालेली मशीनं जिवंत केली. ड्रिल, ग्राइंडर, लाद्या कापायचे कटर, सुतारांचे विजेवरचे रंधे. मशीन जळतं म्हणजे आतल्या मोटरची तांब्याची तार जळते. ती काढायची, तेवढ्याच वेढ्यांची नवी तार भरायची, वार्निश पाजायचं, सुकवायचं आणि परत बसवायचं. सांगायला एवढंच. पण एक वेढा इकडचा तिकडे झाला, तर दिवसभराची मेहनत दोन मिनिटांत धूर होऊन जायची.

हे काम त्या मुद्दाम शिकल्या नव्हत्या. त्यांचे यजमान गुणाजी लालबागच्या एका गिरणीत वायरमन होते. ब्याऐंशीचा संप झाला, वर्षभर वाट बघून झाली, आणि मग ते बायकोला घेऊन भटवाडीत मेहुण्याच्या आसऱ्याला आले. तिथेच आठ बाय दहाच्या गाळ्यात त्यांनी वाइंडिंगचं दुकान मांडलं. काकी दुपारी डबा घेऊन जायच्या. एकदा गेल्या तेव्हा गुणाजी एका लहानशा ड्रिलची मोटर मांडीवर घेऊन घामाघूम झाले होते. तार बारीक, खाचा त्याहून बारीक, आणि त्यांची बोटं केळ्यासारखी.

"गो, तुझी बोटां माझ्यापेक्षा बारीक आसत," ते म्हणाले. "बस हय. डबो मागीर."

काकी बसल्या. कुडाळजवळच्या गावात लहानपणी अबोलीचे वळेसर, म्हणजे केसांत माळायचे गजरे, करणारे हात ते. तार ओढून न धरता, सैल न सोडता, एकेक वेढा मोजत त्यांनी खाचा भरल्या. मशीन चालू केलं तेव्हा ते असं एकसुरात गुणगुणलं, की गुणाजींनी डबा उघडायच्या आधी शेजारच्या चहावाल्याला दोन कटिंग सांगितले. दुसऱ्या दिवसापासून डबा दोघांचा येऊ लागला.

सुरुवातीला गिऱ्हाईकं दारात उभी राहून विचारायची, "शेठ कुठाय?" गुणाजी काकींकडे बोट दाखवायचे. "शेठ आत बसलाय. काम करतोय." लोक हसायचे. मग मशीन घेऊन जायचे आणि पुढच्या वेळी थेट काकींशीच बोलायचे.

ते दिवस आठवले की काकींचा चेहरा अजून उजळतो. सगळी उपनगरं तेव्हा वर चढत होती. पवईला डोंगर पोखरले जात होते, मुलुंडला कारखान्यांच्या जागी इमारती उठत होत्या, आणि त्या सगळ्या साइटींवर मशीनं जळत होती. गाळ्याबाहेर सकाळी दहाला सुतार, प्लंबर, फॅब्रिकेशनवाले आपापली धोपटी घेऊन उभे. कुणी बिहारचा, कुणी राजस्थानचा, कुणी चिपळूणचा. मशीन हातात घेतल्याबरोबर काकी आधी वास घ्यायच्या. वासावरून त्यांना कळायचं, वरची तार जळली की आतली. रविवारी रिक्षातून कुठे जाताना गुणाजी एखाद्या टॉवरकडे मान करून म्हणायचे, "ह्येची भोकां आपल्या तारेवर पडली हत." आणि दोघंही त्या टॉवरचे मालक असल्यासारखे गप्प बसून बघायचे.

त्यांची एकुलती एक मुलगी शीतल त्याच गाळ्यात मोठी झाली. शाळा सुटली की ती मागच्या फळीवर बसून अभ्यास करायची. पाचवीत असताना एकदा घरी येऊन ढसाढसा रडली. बाकावरची मुलगी म्हणाली होती, तुझ्या दप्तराला काहीतरी जळल्याचा वास येतो. त्या दिवसापासून शीतल गाळ्यात आली नाही. मामाकडे बसून अभ्यास करू लागली. काकींनी तिला एका शब्दाने विचारलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र त्या आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायच्या, साडी बदलायच्या आणि मगच मुलीजवळ बसायच्या.

शीतल शिकली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली. गुणाजी दोन हजार अकरात हृदयविकाराने गेले. दोन वर्षांनी शीतलचं निलेशशी लग्न झालं आणि दोघं आयर्लंडला गेली. काकींनी गाळा एकटीने चालवला. पण हळूहळू जळालेली मशीनं येणंच कमी झालं. बॅटरीवर चालणारी नवी मशीनं आली. ती बिघडली की लोक फेकून देऊन दुसरी घ्यायचे. वीस साली लॉकडाऊनमध्ये गाळ्याचं शटर खाली आलं ते आलंच. आता तिथे मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. काकी त्या बाजूने भाजीला जात नाहीत. गुडघ्यांना चढ सोसत नाही असं सांगतात. तिथे चढ नाही.

तर अशा या काकींना दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात शीतलचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, घर घेतलं! बघ."

काकींनी चष्मा लावून पाहिलं. दगडी भिंतींचं, बसकं, जुनं घर. खिडक्यांचा रंग पोपडे धरून सुटलेला. आतल्या लाकडी जमिनीतून एके ठिकाणी गवत वर आलेलं.

"ह्या घर की गोठो?" काकी म्हणाल्या.

"नव्वद वर्षांचं आहे गं. म्हणून तर आम्हाला परवडलं. इथे सुतार आठ महिने तारीख देत नाही, यार. मी आणि निलेश स्वतःच करणार सगळं. जानेवारीत मी तीन आठवडे येतेय. जाताना बॅगा रिकाम्याच असतात. मशीनं तिथूनच नेते. तू येशील ना माझ्याबरोबर घ्यायला?"

काकींनी फोन जवळ धरून ते गवत पुन्हा बघितलं. मग म्हणाल्या, "ये तर खरी."

जानेवारीत शीतल आली. पहिल्याच दिवशी तिने स्टूल घेऊन माळ्यावरून गुणाजींचं ड्रिल खाली काढलं. ॲल्युमिनियमच्या अंगाचं, एका हाताला न पेलणारं धूड. गुणाजींनी दुकान काढलं त्या साली घेतलेलं. शीतलने ते पदराने पुसावं तसं ओढणीने पुसलं.

"हे मी घेऊन जाणार. बाबांचं आहे. अजून चालतं ना?"

"चालता."

"मग पहिलं भोक ह्यानेच पाडते."

"नाय," काकी म्हणाल्या.

"का गं?"

काकींनी ड्रिल तिच्या हातातून घेतलं. "धातूचा अंग आसा. आतली तार कधी अंगाक लागली, तर करंट सरळ तुझ्या हातात. तुझ्या त्या घराच्या भिंती ओल्या. पाय ओले. बापाची आठवण फळीवर ठेव, हातात नको."

शीतलचे डोळे भरून आले. तिला वाटलं होतं आई हळवी होईल, आणि आई तर करंटचं बोलत होती. पण काकींनी ते ड्रिल माळ्यावर परत टाकलं नाही. देवाच्या फोटोखालच्या फळीवर ठेवलं, आणि त्याची वायर नीट गुंडाळून दोऱ्याने बांधली.

शनिवारी दोघी मेट्रोने साकीनाक्याला निघाल्या. घाटकोपरहून तिसरं स्टेशन. हार्डवेअर आणि मशीनांची दुकानं तिथे गल्लीगल्लीत. शीतलने मोबाईलवर यादी केली होती. सगळी मशीनं बॅटरीची. काकींना ती मान्य नव्हती.

"बॅटरी मेली की मशीन मेलां. वायरवाला घे. जळला तर भरूक तरी येता."

"तिकडे कोण भरून देणार आहे, आई? तिकडे कुणी भरत नाही."

काकी खिडकीबाहेर बघत राहिल्या. गाडीने असल्फा सोडलं. मग शीतल हळूच म्हणाली, "नोव्हेंबरमध्ये त्या घरात एक जुना हीटर लावला आम्ही. थोड्या वेळाने तो जळला. आतली तार जळली. आणि तो वास आला ना... मी स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. निलेश ओरडतोय, बटण बंद कर, बटण बंद कर, आणि मी आपली उभी. मला वाटलं तू मागे बसलीयेस."

काकींनी तिच्याकडे पाहिलं.

"पाचवीत मी तुझ्याशी किती वाईट वागले," शीतल म्हणाली.

"पाचवीतला पोर ता," काकी म्हणाल्या. "वास येयच खरो. माकाच काय, बाबांकाय येय." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "उठ. साकीनाको इलो."

दुकान मोठं होतं, थंडगार. काउंटरवर ऋतिका नावाची पंचविशीतली मुलगी होती. मरोळची, केस वर बांधलेले, खिशाला टेप अडकवलेली. तिने काकींना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शीतलशी बोलू लागली. वयस्कर बाई सोबत आल्यात, त्यांची सोय झाली की आपण मोकळे, असा तिचा साधा हिशोब. काकींना त्यात काही गैर वाटलं नाही. त्या बसल्या आणि काउंटरवर ठेवलेल्या एकेका मशीनचं तोंड बोटांनी फिरवून बघू लागल्या. एक फिरवलं, ठेवलं. दुसरं फिरवलं, कानाजवळ नेलं, ठेवलं. तिसऱ्याला त्या म्हणाल्या, "ह्याची बेरिंग आतापासूनच खरखरते."

ऋतिका थांबली. तिने ते मशीन घेतलं, स्वतः फिरवलं, कानाला लावलं. "डिस्प्लेचा पीस आहे, सारखा हाताळला जातो," ती म्हणाली. मग काकींकडे बघून, "मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

"आई वाइंडिंग करायची," शीतल म्हणाली. "पस्तीस वर्षं. भटवाडीत."

हे वाक्य शीतल मोठ्याने, परक्या माणसासमोर, पहिल्यांदाच बोलली. काकींना ते ऐकायला विचित्र वाटलं. त्यांनी पदर सारखा केला.

त्यानंतर ऋतिका शीतलला सोडून काकींशीच बोलू लागली. ती काकींसमोर एक उभं कापलेलं मशीन घेऊन आली. कंपनीने गिऱ्हाइकांना दाखवायला दिलेलं, आतलं सगळं उघडं. "हे बघा मावशी. नवीन मोटर. ह्यात कार्बनच नाही."

काकींनी चष्मा पुसला आणि ते मशीन दोन्ही हातांत धरलं. त्यांच्या सगळ्या मशीनांत तारेचे वेढे मधे असायचे आणि तेच फिरायचे. कार्बनचे दोन तुकडे त्यांना घासत वीज द्यायचे. घासून घासून कार्बन झिजायचे, ठिणग्या पडायच्या, तार तापायची आणि मशीन काकींच्या दारात यायचं. इथे सगळं उलटं होतं. वेढे बाहेर, जागच्या जागी. मधे नुसतं लोहचुंबक फिरत होतं. घासायला काही नाही, ठिणगी पडायला काही नाही. काकींनी वेढ्यांवरून करंगळी फिरवली. एकसारखे, दाट, एकही तार दुसरीवर चढलेली नाही.

"कोणी भरल्यानी ह्या?" त्यांनी विचारलं.

"मशीन भरतं, मावशी. हात लागत नाही."

काकींनी ते मशीन उजेडाकडे वळवलं. गाळ्याबाहेरची रांग का आटली, ते आज त्यांना हातात धरून दिसत होतं. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, लोक आळशी झाले, फेकाफेकी वाढली. तसं नव्हतं. कुणीतरी डोकं लावून चांगलं काम केलं होतं. गुणाजी असते तर त्यांनी हे मशीन सोडलंच नसतं, इथेच खाली बसून प्रत्येक स्क्रू काढला असता.

"चांगला केल्यानी," काकी म्हणाल्या. "लय चांगला." आणि शीतलकडे वळून, "ड्रिल ह्याच घे. शिडीवर चढून काम करशीत, वायर पायात नको."

"तू तर म्हणत होतीस..."

"तेव्हा मी ह्या बघूक नव्हतंय."

ऋतिकाने त्यात बॅटरी चढवली, पुढे स्क्रू लावला, आणि चाचणीसाठी ठेवलेला लाकडाचा ठोकळा पुढे केला. "मावशी, चालवून बघा."

"मी?"

"हो. तुम्हीच पारखताय ना?"

काकींनी मशीन हातात घेतलं आणि तशाच थांबल्या. कुठलंही मशीन दुरुस्त झालं की त्या ते मिनिटभर रिकामं फिरवायच्या, आवाज ऐकायच्या, हात लावून तापतंय का बघायच्या आणि गिऱ्हाइकाला देऊन टाकायच्या. बस्स. हजारो मशीनं ह्या हातांखालून गेली. त्यांनी कुठे कुठे भोकं पाडली, काय काय कापलं, ते त्या हातांना ठाऊकच नव्हतं. स्वतःच्या घरातला खिळासुद्धा गुणाजी ठोकायचे.

"शीतल," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी आजवर एक भोक पाडूक नाय गो."

शीतलला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती आईच्या मागे येऊन उभी राहिली. "दाब सरळ दे. हात घट्ट," ती म्हणाली.

काकींनी बटण दाबलं. पहिला स्क्रू वाकडा गेला, घसरून ठोकळ्यावर ओरखडा उमटला. "आणि एक द्या," त्यांनी ऋतिकाला सांगितलं. दुसरा लाकडात शिरला. मशीनचा सूर खाली उतरला, लाकडाचा जोर मनगटात आला, आणि स्क्रूचं डोकं ठोकळ्याशी सपाट झालं. काकींनी अंगठ्याने चाचपून पाहिलं. मग तिसरा स्क्रू मागितला. चौथाही. दुकानातली दोन गिऱ्हाईकं थांबून बघत होती, त्यांचं काकींना भान नव्हतं.

त्या दिवशी ड्रिल बॅटरीचं घेतलं. ग्राइंडर मात्र काकींनी वायरचंच घ्यायला लावलं, कारण दगड कापताना ताकद सलग लागते आणि बॅटरी दर थोड्या वेळाने उतरते. लाकूड घासायचं सँडरही वायरचं. गोल पात्याची करवत घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. "ता तिकडेच घे. समोर उभ्या रवान शिकवणारो कोणतरी असताना घे. बोटां परत भरूक येणत नाय." ऋतिकाने वॉरंटीचे कागद देताना प्रामाणिकपणे सांगितलं की ती फक्त भारतात चालेल. शीतल विचारात पडली. काकी म्हणाल्या, "असू दे. शिकवतंय मी हिका."

आणि त्यांनी शिकवलं. पुढचे दहा दिवस भटवाडीच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मायलेकी बसायच्या. ग्राइंडर उघडायचा, कार्बन काढायचे, बसवायचे, बंद करायचा. शीतल चुकली की काकी तिच्या बोटांवर चापटी मारायच्या. शेजारच्या पुतळाबाई डोकावून म्हणाल्या, "पोरगी माहेरी आली तर तिला गोडधोड खायला घाल, ही कसली शिकवणी!" काकी म्हणाल्या, "खाता खाता शिकताहा." खरंच, शीतलच्या एका हातात घावन होतं.

एकदा शीतलने विचारलं, "आई, तुला कंटाळा नाही आला कधी? दिवसभर तेच वेढे मोजायचे?"

काकींनी जरा आठवलं. "पावसात लाइट जायची ना, तेव्हा आम्ही दोघां दारात बसायचो. बाबा गिरणीच्या गोष्टी सांगत. मी नुसता ऐकायचंय. लाइट येव नये असा वाटायचा." आणि त्या हसल्या. "काम तेव्हाच बंद असायचा, आणि तेव्हाचाच जास्त आठवता."

जायच्या दिवशी वजनकाट्यावर बॅगा तीनदा भरून झाल्या. मशीनं सामानाच्या बॅगेत, बॅटऱ्या जवळच्या बॅगेत, विमानवाल्यांचा नियमच तसा. ग्राइंडर बसावा म्हणून काकींनी दिलेलं कोकम आणि कुळथाचं पीठ अर्धं काढावं लागलं. काकी स्वतः काढत होत्या. "पीठ काय, कोण येईल त्याच्या हातून धाडीन," त्या म्हणाल्या.

शीतल गेली. मग दर रविवारी फोन यायचा. जुनी जमीन उखडली. खालून उंदरांची घरं निघाली. निलेशच्या अंगठ्याला लागलं. नवी फळ्यांची जमीन बसली. खिडक्या घासून खाली जुनं, सरळ रेषांचं लाकूड निघालं, आणि शीतलने ते कॅमेऱ्यासमोर धरून त्याच्यावर हात फिरवून दाखवला. काकी बघायच्या, आणि मशीन चालू असलं तर, "जरा आवाज ऐकव," म्हणायच्या. आवाज ऐकून मान डोलवायच्या.

मे महिन्यात एकदा फोन मधल्याच वारी आला. काकींनी हातातली भाजी तशीच ठेवून तो उचलला.

"आई, ग्राइंडर ठिणग्या टाकत होता," शीतल म्हणाली. "मोठ्या मोठ्या. निळ्या."

"बंद कर आधी! कार्बन झिजलो. उघड, मी सांगतंय..."

"बदलला."

"काय?"

"बदलला कार्बन. तू दिलेले होते ना जास्तीचे. सकाळीच बदलले. आता मस्त चालतोय. हे सांगायलाच फोन केला."

काकी फोन धरून बसल्या. ओठांवर आलेलं सगळं, कुठला स्क्रू आधी काढायचा, कार्बनमागची स्प्रिंग उडणार नाही असं कसं धरायचं, ते तिथेच राहिलं. पोरगी विचारायला नव्हे, सांगायला फोन करत होती. थोडंसं रितं वाटलं, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं, की त्यांना उठून दारापर्यंत जाऊन यावंसं वाटलं.

"स्प्रिंग उडाली?" शेवटी त्यांनी विचारलंच.

"एकदा उडाली. सोफ्याखाली सापडली."

"माझी पण उडायची," काकी म्हणाल्या. "बाबा तासभर शोधत बसत."

मग दोघी बराच वेळ गुणाजींबद्दल बोलत राहिल्या.